शेवटची दहा मिनिटं

मी एक जुना बाक आहे. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, बागेतल्या बाकांशी माझी गल्लत करू नका. तिथे लोक हौसेने बसतात. माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाला उठायची घाई असते.

एका सुताराने मला जुन्या व्यायामशाळेच्या फळ्यांपासून बनवलं. फळ्या उत्तम होत्या, पण गडी घाईत होता. रंधा नीट मारलाच नाही. पहिल्याच सामन्यात माझ्या कुसळांनी दोघांच्या चड्ड्या फाटल्या आणि मी आठवडाभर शिव्या खाल्ल्या. मग कुणीतरी मला घासून हिरवा रंग दिला, तेव्हा लोक जरा बरं बोलू लागले. तेवढंच काय ते माझं कौतुक.

त्याच वर्षी तो आला, क्लबचा दुसरा गोलकीपर. आता पहिला गोलकीपर धडधाकट असेल, तर दुसऱ्याला काय काम? इतर राखीव खेळाडू कधी ना कधी मैदानात उतरतात. हा बसून राहतो. म्हणून त्याची जागा अगदी टोकाला, पाण्याच्या बाटल्यांजवळ. तिथे तो नऊ वर्षं बसला. बाकीचे खेळाडू त्याला बाकोबा म्हणायचे. खरं सांगतो, मला त्या नावाचा अभिमान वाटायचा. त्याला वाटत नसावा.

दर सामन्याला तो हातमोजे चढवून बसायचा, पूर्ण नव्वद मिनिटं. चेंडू आमच्या गोलकडे आला, की त्याची टाच माझ्या पायावर आपटायची. सुरुवातीला बायको आणि मुलगी समोर येऊन बसायच्या. मग एक दिवस मुलीने विचारलं म्हणे, की बाबा खेळायला जातात की बघायला? त्यानंतर दोघी फारशा आल्या नाहीत. नऊ वर्षांत तो अकरा सामने खेळला. निवृत्तीच्या सामन्यातही बसूनच होता. सगळे आत गेल्यावर तो एकटाच बराच वेळ थांबला. कुणी त्याच्याशी दोन शब्द बोललं नव्हतं. मला बोलता येत असतं, तर मी बोललो असतो.

काही वर्षांनी तो परत आला, कोच म्हणून. मला कोण आनंद झाला! पण कोच कुठला बसतोय? तो रेषेवर उभा राहून घसा फोडायचा आणि मी आपला त्याच्या पाठीकडे बघत राहायचो. टोकाच्या जागेवर आता लंबू बसायचा, क्लबचा नवा दुसरा गोलकीपर. नवा कसला, वय चौतीस, गुडघे कामातून गेलेले. हंगाम संपला की तोही निवृत्त होणार होता.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात, एकदा सराव संपल्यावर कोच त्याच्याजवळ येऊन टेकला. म्हणाला, "शनिवारी शेवटची दहा मिनिटं तुझी. घरच्यांना बोलाव."  लंबूने मान हलवली.

शनिवारी त्याची म्हातारी आई समोर पहिल्या रांगेत येऊन बसली. जिंकलो तरच क्लब वरच्या गटात टिकणार होता. ऐंशी मिनिटं झाली तरी एक-एक अशी बरोबरी. चार बदली खेळाडू उतरवून झाले होते, आता एकच उतरवता येणार होता. लंबूने जाकीट काढलं, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि उभा राहिला. समोर त्याची आईही उभी राहिली. तेवढ्यात आमचा एक फॉरवर्ड पायात गोळा येऊन खाली बसला. कोच मागे वळला. त्याने लंबूकडे चांगलं पाहिलं. मग त्याने शेजारच्या, ताज्या दमाच्या फॉरवर्डला खूण केली.

लंबू परत बसला. इतका हळू बसला, की मी करकरलोसुद्धा नाही.

पाचच मिनिटांत त्या फॉरवर्डने गोल केला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं, खेळाडूंनी कोचला खांद्यावर. त्याचं चुकलं असं कुणीच म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण मला फार वाईट वाटलं.

गर्दी पांगल्यावर कोच लंबूशेजारी येऊन बसला.  मग लंबूने विचारलं, "सर, विसरलात का?"

मित्रांनो, 'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," कोच म्हणाला. "आठवत होतं."

लंबूने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "विसरला असतात, तर जास्त लागलं असतं." आणि तो आईला आणायला गेला. ती अजून समोर तशीच उभी होती. कोच बसून राहिला.

आता माझ्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या येणार आहेत. माझ्या फळ्या कुजल्यात, रंगाची कुणाला आठवण नाही. माझं काय व्हायचं ते होवो. पण मित्रांनो, उद्या तुमच्यावर कुणाला बसवून ठेवायची वेळ आली, तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहू नका. शेजारी बसा आणि खरं काय ते त्याला तोंडावर सांगा.