ओठांत धरलेल्या टाचण्या

चार टाचण्या ओठांत धरून बोलायची कला पद्मजाला वीस वर्षांच्या शिवणकामाने शिकवली होती. "हं, वळा." "हात वर." "पोट आत घेऊ नका, समारंभात जेवायचंय ना?" सगळं टाचण्यांच्या फटीतून. नाहूरच्या तिच्या दीड खोलीत आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांना ते बरोब्बर कळायचं.

पण डिसेंबरात तिची खालची अक्कलदाढ काढली, आणि डाव्या बाजूचा ओठ हनुवटीसकट बधीर झाला तो जागाच झाला नाही. इंजेक्शन उतरेल, उतरेल म्हणता पाच महिने झाले. दाढेचं मूळ नसेला चिकटून होतं. तसं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तिने संमतीपत्रावर सहीपण केली होती. "नस दुखावलीय. हळूहळू येईल, कदाचित पूर्ण येणारही नाही," ते म्हणाले, आणि स्पर्श कळतो का ते रोज कापूस लावून बघायला सांगितलं. तेव्हापासून चहा हनुवटीवर ओघळला की तिला ते समोरच्याच्या नजरेवरून कळायचं. तोंड पुसून पुसून जीव विटला होता.

आज सुहासिनीताई आल्या होत्या. लेकीच्या साखरपुड्यात घालायचं मोतिया रंगाचं ब्लाउज अंगावर, आणि पद्मजा बाहीची शिवण टाचत होती. टाचण्या नेहमीच्या जागी.

"अगं बाई, रक्त!"

पद्मजाने आधी ताईंचा दंड बघितला. "टोचलं का?"

"मला नाही गं, तुला!"

ओठातून थेंब निघून बाहीवर पडला होता. थंड पाण्याने डाग गेला. पण निघताना ताईंनी उरलेले तीन ब्लाउजपीस परत पिशवीत घातले. "बघते नंतर." चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गंधाली, तिची दहावीतली लेक, कापूस घेऊन समोर बसली. "चला पेशंट, डोळे मिटा. चीटिंग नाही हं. लागलं?"

"लागलं."

"आता?"

"लागलं गं."

"आता?"

"हो."

मग बराच वेळ काहीच नाही. पद्मजाने डोळे उघडले. गंधालीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आई, शेवटच्या दोन वेळा मी हातच लावला नव्हता."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर रोज बरोबरची खूण होती.

"यार आई! मी डॉक्टरांना ह्याचे फोटो पाठवत होते!"

"तू केवढी खूश व्हायचीस," पद्मजा म्हणाली. "आणि मला रोज नाही म्हणायचा कंटाळा आला होता."

गंधालीने कापूस बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची उशी करून दिलेली, ती कुठंय?"

"ती शिकाऊ पोरी बांधतात."

"मग हो ना शिकाऊ."

उशी बटणांच्या डब्यात होती. इलॅस्टिक जरा घट्टच बसलं. पद्मजाने टाचण्या एकेक करून तिच्यात खोचल्या आणि फोन लावला. "ताई, टाचण्या आता तोंडात धरत नाही मी. ओठ बरा नाहीये. होईल की नाही, माहीत नाही."

पलीकडून ताई म्हणाल्या, "बरं. उद्या एक पीस आणते. आधी एकच हं."

"एकच आणा."

फोन ठेवल्यावर गंधालीने पुन्हा कापूस उचलला. "आता खरं सांगायचं."

पद्मजाने डोळे मिटले. "नाही," ती म्हणाली. मग पुन्हा, "नाही." मग हनुवटीच्या कडेला, "थांब. इथे... माहीत नाही गं."

गंधालीने आजच्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं.