नौफेलचा गुडघा आणि सूसचा गोलकीपर

माझा नवरा नौफेल आमच्या महदिया शहराच्या संघातून हँडबॉल खेळतो. सूस शहराच्या संघाविरुद्धच्या सामन्यात उडी मारून गोलवर चेंडू फेकताना तो त्यांच्या गोलकीपरवर, लमजेदवर आदळला आणि नौफेलच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आता सगळं व्यायामावर आहे, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आलो तर अर्धी गल्ली आमच्या दिवाणखान्यात. प्रत्येकाच्या हातात एक भांडं आणि तोंडात एक भयंकर गोष्ट.

"माझ्या मेव्हण्याचं अस्संच झालं होतं," शेजारच्या बाई कुसकुसचं पातेलं ठेवत म्हणाल्या. "आता मासळीबाजारात स्टुलावर बसून असतो. पण खाऊनपिऊन सुखी आहे हो."

माझ्या सासूबाई, मब्रूका, मात्र मनातून खूश होत्या. सदा मैदानावर असणारा लेक आयता घरात सापडला होता. "पाण्यासाठी उठलास तर बघ," असं दरडावून त्या त्याला भरवायच्या.

"आई, त्याला व्यायाम करू द्या," मी म्हणायचे.

"दुखतंय गं त्याला. तोंड बघ केवढंसं झालंय."

तोंड चांगलं गोल झालं होतं. व्यायाम रोज "उद्यापासून" व्हायचा. एकदा लोक गेल्यावर नौफेल हळूच म्हणाला, "रौदा, मला तो पाय टेकवायचीच भीती वाटते गं."

एका रविवारी दारात लमजेद उभा, हातात मक्रूदचा, खजुराच्या मिठाईचा डबा.

सासूबाई दार अडवून म्हणाल्या, "एक पाय झाला, आता दुसऱ्यासाठी आलास का?"

"तो त्याच्याकडेच राहू दे, मावशी. मला फक्त चहा पुरे."

आत येऊन त्याने माफीबिफी मागितली नाही. विजार वर करून स्वतःच्या गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवला. "हा माझा. मी तर आईला चोरून रडायचो. तुझा किती वाकतो?"

नौफेलने वाकवून दाखवला.

"बस? माझी आजी नमाजाला याहून जास्त वाकते."

नौफेलने दात-ओठ खाऊन आणखी वाकवला. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, पण दोघांचंही लक्ष नव्हतं.

मग लमजेद दर रविवारी यायला लागला. भीती वाटली की लपवायची नाही, मोठ्याने सांगायची आणि मगच पाय टेकवायचा, हे त्यानेच शिकवलं. "आणि रोज डोळे मिटून गोलवर चेंडू फेकत जा. मनातल्या मनात."

पुढच्या रविवारी नौफेल कुरकुरला, "डोळे मिटले तरी गोलमध्ये तूच दिसतोस."

"मग? अडवले ना मी?"

"दोन-तीन."

"फक्त?" लमजेद खरंच नाराज झाला.

पाहुण्यांनाही मी कामं वाटून दिली. गोष्टी बंद, शेजारच्या बाईंनी नौफेलला संध्याकाळी बंदरापर्यंत चालवून आणायचं. त्या इतक्या भराभर चालायच्या की तोच थांबा थांबा म्हणायचा. सासूबाई अजून लमजेदला "तो गुडघेमोड्या" म्हणायच्या, पण माशाचा सगळ्यात चांगला तुकडा त्याच्याच ताटात पडायचा.

पुढच्या मोसमात नौफेल पुन्हा सूसविरुद्ध उतरला. पहिली उडी मारताना त्याचे ओठ हलताना मला प्रेक्षकांतून दिसले. पाय नीट टेकला. चेंडू लमजेदने अडवला. दुसराही अडवला, वर हसला.

घरी येईपर्यंत नौफेल धुमसत होता. "उजवीकडे जाणार हे त्याला कळलंच कसं?" जेवतानाही तेच, झोपताना तेच. गुडघ्याचं नावही त्याने काढलं नाही. मी दिवा मालवला आणि कित्येक महिन्यांनी निवांत झोपले.