परवान्यावरचा नंबर

ठेकेदाराने बांधलेला जिना महिन्याभरात खचला आणि मावशीचा पाय कायमचा अधू झाला. ठेकेदाराने सरळ हात वर केले.

मावशीने डूख धरला. परवाना कार्यालयात चौकशी केली, तेव्हा त्याच्या परवान्यावरचा नंबर भलत्याच ठेकेदाराचा निघाला. त्या खऱ्या ठेकेदाराला तिने जिन्याचं काम दिलं. मग जुन्याला गोड आवाजात फोन केला, "वर दोन खोल्या काढायच्यात. परवाना घेऊन या हं."

तो लगबगीने आला. मावशीने त्याचा कागद शेजारी बसलेल्या पाहुण्याला दिला.

"हा नंबर तर माझा आहे," पाहुणा म्हणाला.

जुन्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, तशी मावशीने कुबडी दारात आडवी धरली.

"बसा की, पोलीस निघालेत."

त्या दिवशी मावशी पोटभर जेवली.