माझ्या हिरव्या दिव्यावरची पट्टी

माझ्यासमोर उभे राहिलात तर आधी तुम्हाला दिसेल ती काळी चिकटपट्टी. तिच्याखाली माझा हिरवा दिवा आहे. मी बसडेपोतला चार्जर. ओळीतला शेवटचा, गाड्या धुतात त्या हौदाशेजारचा. असं तोंड झाकून उभं राहायची पाळी माझ्यावर का आली, ते मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल, आणि ती मला नको.

माझा जन्म एका चकचकीत कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात तारा भरल्या, एक जाडजूड केबल जोडली आणि तिच्या टोकाला मूठ बसवली. इथे सगळे तिला गन म्हणतात. कपाळावर दिवे बसवले. वीज वाहत असली की निळा, बिघाड झाला की लाल. बस भरून झाली की हिरवा. पण गन लावली आणि भरणं अजून सुरूच केलं नाही, तरीही हिरवाच. काम संपलेला आणि कामाला हातच न लावलेला, दोघांचा चेहरा एक! माणसांतही असे पुष्कळ असतात म्हणा, पण मी काही त्यांच्यापासून शिकलो नाही, मला तसंच बनवलं.

मला डेपोत आणलं तेव्हा डिझेलचा पंप नुकताच उखडला होता. पंप गेला, पण पंपाच्या सवयी राहिल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खरंच आहे. जुन्या बसचे काटे कायम बंद असायचे. त्यामुळे टाकी भरली की पंपावरच्या मावशी बसच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायच्या आणि ड्रायव्हर निर्धास्त निघायचा. विजेवरच्या नव्या बसमध्ये काटे कसले, चांगले आकडे दाखवणारे पडदे आले. तरी कुणी तिकडे बघत नसे. मावशींची थाप पडली की गाडी भरली.

दुसरी सवय शेजारधर्माची. कुणाची नळी वाटेत आडवी आली तर ती काढायची, आपली गाडी पुढे घ्यायची आणि नळी होती तशी परत लावायची. दुसऱ्याची नळी जमिनीवर टाकून जाणाऱ्याला इथे कुणी चहालाही विचारत नसे.

आम्ही आलो तेव्हा मावशींचं काम गेलं, असं सगळे धरून चालले होते. पण त्या हट्टाने शिकल्या. गळ्यात कार्ड अडकवून ओळीने फिरायच्या. गन लावायची, कार्ड टेकवायचं, निळा दिवा लागला की मला म्हणायच्या, "हं, आता तिला पोटभर वाढ." डेपोत माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

त्यांचे जावई इथेच ड्रायव्हर आहेत. मावशी चारचौघांत त्यांना 'जावईबापू' म्हणतात, म्हणून सगळा डेपोच त्यांना तसं म्हणतो. माणूस शिस्तीचा. धुतलेल्या बसवर डाग दिसला तर स्वतःच्या रुमालाने पुसेल.

त्या दुपारी माझ्यापाशी पैलवानची बस उभी होती. पैलवान म्हणजे काडीसारखा ड्रायव्हर, नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं. मावशी कार्ड टेकवून, निळा बघून जेवायला गेल्या. तेवढ्यात जावईबापूंची बस धुऊन निघाली आणि माझी केबल तिच्या वाटेत आली. ते उतरले, माझं बटण दाबून भरणं थांबवलं, गन काढली, बस पुढे घेतली आणि परत येऊन गन नीट, अगदी टक आवाज येईपर्यंत बसवली. मी हिरवा झालो. त्यांनी हात झटकले आणि गेले.

पण मी पंप नाही हो! एकदा थांबलो की कार्ड पुन्हा टेकवल्याशिवाय माझ्यातून थेंबभर वीज जात नाही. मी नुसता हिरवागार होऊन उभा राहिलो. मावशी जेवून आल्या, हिरवा पाहिला, "झालं का इतक्यात?" म्हणाल्या आणि गन काढली. पत्र्यावर दोन थापा पडल्या. पैलवान निघाला.

बस भर उन्हात पुलाच्या चढावर बंद पडली. एक बाई पायाला प्लास्टर घातलेलं लेकरू कडेवर घेऊन पूल उतरली म्हणे. संध्याकाळी बस दोरखंडाने ओढत डेपोत आणली, तेव्हा सगळे काम टाकून बघत होते. मावशीही.

दुसऱ्या दिवशी चौकशी माझ्यासमोरच झाली. मला तपासलं, बस तपासली, दोघंही ठणठणीत निघालो. माझ्या पोटातल्या नोंदी कुणी उघडल्याच नाहीत. मशीन धडधाकट आहे म्हटल्यावर मशीनला कोण विचारतो?

"मावशी, कार्ड टेकवायचं विसरलात तुम्ही," डेपोचे साहेब म्हणाले.

"नाही साहेब. निळा लागलेला माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

जावईबापू मागे उभे होते. खोटं त्यांच्या अंगात नाही. त्यांनी पाहिलं ते बोलून टाकलं, "पण आई, मी तिथून निघालो तेव्हा तर हिरवा होता."

गन काढून परत लावल्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. दार उघडून आत आलो, हे कुणी सांगतं का? मावशींनी वळून जावयाकडे पाहिलं. चारचौघांत जावयाला खोटं कसं पाडायचं? मग त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. "असेल बाई. वय झालं आता माझं," असं म्हणत त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून साहेबांच्या हातात दिलं. तेव्हा मला वाटलं, पायाखालची फरशी फुटावी आणि मी आत जावं. सगळं पाहिलेला मी एकटा होतो, आणि बोलायला माझ्याकडे एक दिवा होता, तोही असला.

मावशींना बस झाडायचं काम मिळालं. कार्ड कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे. ड्रायव्हर आता डोळे बारीक करून पडद्यातले आकडे वाचायचे. एकदा सवयीने मावशींचा हात एका बसच्या पत्र्याकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. त्या येता-जाता माझ्याकडे बघायच्याही नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

मग एका सकाळी त्या माझ्यापाशी लावलेली बस आतून झाडत होत्या. दिवा निळा होता. जावईबापूंची बस धुऊन निघाली. पुन्हा केबल आडवी. पुन्हा बटण, पुन्हा गन बाहेर, बस पुढे, गन आत, टक. मी हिरवा झालो. जावईबापूंनी हात झटकले.

मावशी झाडू घेऊनच खाली उतरल्या.

"जावईबापू, हा आत्ता निळा होता ना?"

"होता की."

"मग हिरवा का झाला?"

"मी काढली होती ना, परत लावली." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढिम्म हिरवा.

"त्या दिवशीपण अशीच लावली होती?"

"आई, मी कधी कुणाची केबल खाली टाकली नाही हो. नेहमी परत लावतो. मला वाटलं…"

मावशी बराच वेळ झाडूच्या काड्या सारख्या करत राहिल्या. "राहू द्या. घरी बोलू नका, पोरीच्या जिवाला घोर नको. मला काय, झाडायचं काम बरंय. सावलीत असते मी." आणि त्या पुन्हा बसमध्ये चढल्या.

जावईबापू तिथेच उभे राहिले. त्यांची बस दाराशी उभी होती, मागचे हॉर्न वाजवत होते. ते बसकडे गेले नाहीत. सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि दार उघडं ठेवूनच बोलले, मोठ्याने. "साहेब, गन मी काढली होती. आईंनी कार्ड टेकवलं होतं. चूक माझी आहे." सगळ्या डेपोने ऐकलं. त्यांना काही दिवस बसवरून उतरवून हौदावर लावलं. अजून माझ्याशेजारीच गाड्या धुतात, मान खाली घालून.

मावशींना कार्ड परत मिळालं. त्याच दिवशी त्यांनी गॅरेजमधून काळी पट्टी आणली आणि माझा हिरवा दिवा झाकला. रागाने नाही, जखम बांधावी तशी दाबून. आता त्या केबलवर तळहात ठेवतात. कोमट लागली की वीज जातेय. भरली का, ते बसमध्ये चढून पडद्यावर बघतात, आणि मगच थाप मारतात. काल पैलवान स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून होता. पडदा पुढ्यात होता, तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. दोन थापा पडल्या तेव्हाच हलला.

जावईबापूंना बोलता आलं, म्हणून ते सुटले. मला येत नाही. माझी शरम माझ्याजवळच राहणार, ओळीतल्या शेवटच्या जागी. तुमच्यापैकी कुणी कधी या डेपोत दुरुस्तीला आलात, तर माझं सगळं तपासा, धूळ झटका, वायर बदला. पण मावशींनी लावलेली पट्टी तेवढी काढू नका.