पहिला पर्याय

रुग्णालयात तिला सगळे फॉर्मताई म्हणत. नोंदणी विभागात टायपिस्ट म्हणून तिला सतरा वर्षं झाली होती. दाखल होण्याचा, घरी सोडण्याचा, ऑपरेशनच्या संमतीचा, मृत्यूचा असा त्या इमारतीतला जवळजवळ प्रत्येक कागद तिच्याच हातचा होता. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं कोष्टक पानाबाहेर पळालं की हाक तिलाच.

मृत्यूच्या फॉर्मवर कारणापुढे पूर्वी नुसती रेघ असायची. डॉक्टर तिथं हातानं लिहीत आणि ते अक्षर लावता लावता फॉर्मताई मेटाकुटीला येई. एकच आजार चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलेला, मग महिन्याचा अहवाल करायचा कसा? शेवटी अधीक्षकच म्हणाले, "ताई, ती रेघ काढा आणि यादी लावा. क्लिक केलं की खाली उघडते ना, तशी. त्यातलं एक निवडायचं, विषय संपला."

एका दुपारी बसून तिनं ते केलं. रेघेच्या जागी ड्रॉप-डाउनची चौकट घातली. अधीक्षकांनी दिलेल्या क्रमानं नऊ कारणं एकेक करून टाइप केली. सर्वांत वर 'हृदयक्रिया बंद पडणे', सातव्या जागी 'जंतुसंसर्ग', शेवटी 'इतर'. बाकीच्या मजकुरात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून फाइलला कुलूप लावलं. यादी टिचकीसरशी उघडत होती, मिटत होती. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

काहीही निवडलेलं नसलं की त्या चौकटीत राखाडी अक्षरांत 'एक पर्याय निवडा' असं दिसे. तिसऱ्याच आठवड्यात एका डॉक्टरांनी घाईघाईत फॉर्म तसाच छापला, सही ठोकली आणि मेलेल्या बाईच्या मुलीच्या हातात दिला. मुलीनं व्हरांड्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं, "मृत्यूचे कारण, एक पर्याय निवडा." पुन्हा वाचलं. मग ती हसायला लागली, आणि ते हसणं थांबेना, तेव्हा तिला बाकावर बसवावं लागलं.

अधीक्षकांनी फॉर्मताईला बोलावून झाडलं. "ते वाक्य पुन्हा कुठल्याही कागदावर दिसता कामा नये."

तिनं मूळ फाइल उघडली आणि यादीतलं पहिलं कारण आधीपासून निवडलेलं राहील असं करून ठेवलं. दोन मिनिटांचं काम. निराळं कारण असेल तर डॉक्टर बदलतीलच, असं ती धरून चालली.

पाच महिन्यांनी तिच्या खिडकीशी एक म्हातारा शिंपी आला. मोजमापाची टेप गळ्यातच राहिली होती. त्यानं घडी घातलेला कागद काचेखालून आत सरकवला.

"बाई, यात चूक आहे. माझ्या बायकोचं हृदय धडधाकट होतं. किडन्या गेल्या होत्या."

"काका, कारण डॉक्टर भरतात. त्यांना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, अधीक्षकांकडे जा. अधीक्षकांचा शिपाई म्हणाला, खिडकीवर जा." तो जागचा हलला नाही. "मशीनवर घेतलं तोवर ती माझ्याशी बोलत होती. मग तिला हुडहुडी भरली. दात वाजत होते. मी माझा कोट घातला तिच्या अंगावर. यात हृदय कुठून आलं?"

त्याला वाटेला लावण्यासाठीच तिनं केसपेपर काढला. नर्सच्या हातची नोंद होती, 'डायलिसिस सुरू केल्यावर चाळीस मिनिटांनी थंडी, ताप. डॉक्टरांना कळवले.' दुसऱ्या पानावर मृत्यूचा फॉर्म होता. त्यावर हृदयक्रिया.

"उद्या या काका," ती म्हणाली. "बघते मी."

तो गेल्यावर तिनं डायलिसिस विभागातले पाच महिन्यांतले मृत्यू काढले. चौदा होते. त्यांतल्या बारा फॉर्मवर पहिलंच कारण. तिनं एकेक केसपेपर शेजारी ठेवून वाचला. नऊ जणांच्या नोंदीत थंडी आणि ताप होता. त्या बारा वेळा कुणीही यादी उघडलीच नव्हती. नाव घातलं, वेळ घातली, छापलं. महिन्याच्या अहवालात जंतुसंसर्गाचा आकडा एकाच्या वर गेला तरच चौकशी समिती बसत असे. तो आकडा पाच महिने शून्य, एक, शून्य असा तिनं स्वतःच टाइप केला होता. रुग्णालय सुधारलं म्हणून अधीक्षकांनी मागच्या बैठकीत टाळ्याही घेतल्या होत्या.

डायलिसिस विभागाच्या मोठ्या सिस्टर कपाटात नळ्या लावत होत्या. फॉर्मताईनं सांगितलं ते त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"मशीनला जाणारं पाणी खराब आहे," त्या म्हणाल्या. "टाकीला वास येतो. तीनदा सांगून आले मी साहेबांना. त्यांचं एकच, कागदावर कुठं आहे दाखवा. कागदावर तर सगळे हृदयानं मेलेले!"

"ते कागद माझे आहेत, सिस्टर."

सिस्टरांनी तेव्हा कुठं वळून पाहिलं.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी ती अधीक्षकांपुढे चौदा केसपेपर घेऊन उभी राहिली. त्यांनी वरचे दोन चाळले.

"फॉर्म कुणी बनवला?"

"मी, सर."

"मग हे बाहेर गेलं तर पहिलं कोण अडकेल?" आवाज अगदी समजुतीचा होता. "सतरा वर्षं झाली ना तुम्हाला? घाई करू नका. टाकीवाल्याला बोलावू. सोमवारी बघू."

सोमवार म्हणजे चारच दिवस, असं तिनं मनाला समजावलं. शुक्रवारी शिंपी आला तेव्हा ती खिडकीआड मागच्या खोलीत जाऊन बसली आणि सहकारिणीकडून 'ताई रजेवर आहेत' असं सांगवलं. तो तासभर बाकावर थांबला. नंतर टेपची गुंडाळी करत निघून गेला.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बस चालवत असे आणि नको त्या भानगडीत न पडणं हे त्याचं तत्त्व होतं. "साहेब सोमवारी म्हणाले ना? मग आपण कशाला विस्तवात हात घालायचा?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "पाणी काय हिनं घाण केलंय?" त्या म्हणाल्या. "हिनं नुसती यादी केली."

"यादी उघडायची गरजच पडू नये असं केलं मी, आई," फॉर्मताई म्हणाली. त्या दोघांना ते नीट कळलं नाही आणि तिनंही पुन्हा सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला मशीनवर घेतलं आणि अर्ध्या तासात तिला थंडी वाजून आली. संध्याकाळी ती गेली. रविवारी सिस्टरांनी फोन करून तेवढंच सांगितलं. वर म्हणाल्या, "यादीतलं काय निवडलं असेल, ते सांगायला नको."

फॉर्मताई फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. नवऱ्यानं काय झालं विचारलं. "मी चार दिवस थांबले," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. तो शेजारी येऊन बसला.

सोमवारी तिनं अधीक्षकांची वाट पाहिली नाही. सगळ्या नोंदींच्या प्रती काढल्या, चार ओळींचं पत्र टाइप केलं, खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा घातला, आणि अर्धी रजा टाकून आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीत स्वतः नेऊन दिलं. पोच घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही. तिकडे सिस्टरांनी त्या दिवशी मशीन सुरू करायला साफ नकार दिला होता. डायलिसिसचे अकरा रुग्ण व्हरांड्यात बसून होते, नातेवाईक सिस्टरांच्या नावानं शिव्या घालत होते आणि सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

तपासणी पथक बुधवारी आलं. टाकीतून मशीनकडे जाणारा पाइप कापला तेव्हा आत बोटभर बुळबुळीत थर निघाला. विभागाला टाळं लागलं. रुग्णांना पलीकडच्या गावात पाठवू लागले. जाऊन येऊन पाच तासांचा रस्ता. त्यातल्या दोघांना तो झेपला नाही. ते दोघे चौकशीच्या कुठल्याच आकड्यात आले नाहीत.

चौकशीत तिला लांब टेबलापुढे बसवलं.

"पहिलं कारण आपोआप येतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"बदलतील असं वाटलं."

पलीकडून अधीक्षक म्हणाले की असल्या तांत्रिक बाबी त्यांना कळत नाहीत. 'ते वाक्य दिसता कामा नये' असं ते बोलले होते, पण लिहून दिलं नव्हतं. त्यांची बदली झाली. फॉर्म न वाचता सह्या करणाऱ्या तीन डॉक्टरांना ताकीद मिळाली. फॉर्मताईला निलंबनाचं पत्र आलं. ते तिच्याच जुन्या नमुन्यावर छापलेलं होतं, आणि समासही तिनं ठरवलेलेच होते.

दाखले मात्र बदलले नाहीत. शवविच्छेदन झालेलं नाही, तेव्हा कारण आता सिद्ध करता येणार नाही, असा शेरा पडला. ते बारा जण आणि ती शिक्षिका, सगळे कागदोपत्री हृदयानंच गेलेले राहिले.

हे सांगायला ती शिंप्याकडे गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. तो काज करत होता. तिला पाहून त्यानं स्टूल पुढे केलं.

"रजा संपली वाटतं?"

"रजेवर नव्हते मी, काका. आत बसले होते."

"माहीत होतं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, काचेतून दिसत होतात तुम्ही."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. रेघ, यादी, व्हरांड्यात हसलेली मुलगी, ती दोन मिनिटं, ते चार दिवस. सांगून झाल्यावर त्यानं सुई कापडात टोचून ठेवली.

"म्हणजे तिचं काय झालं ते कुणी ठरवलंच नाही," तो म्हणाला. "ते आधीच तिथं होतं."

"हो."

"आणि माझी बायको यायच्या आधी कितीजण गेले होते?"

तिला आकडा पाठ होता. "आठ."

त्यानं गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तुम्ही आलात, सांगितलंत, ते ठीक केलंत," तो शेवटी म्हणाला. "पण पुन्हा येऊ नका, बाई. तुम्हाला बघितलं की मला तिचे दात वाजलेले ऐकू येतील."

ती उठली. नमस्कार करावा की नाही ते तिला कळेना, म्हणून न करताच बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत जाईतो मागे शिलाई मशीन सुरू झालं नव्हतं. सात महिन्यांनी निलंबन उठलं आणि तिला भांडारात पाठवलं. तिथं चादरींचा हिशेब अजून वहीत, हातानं ठेवतात.