अर्धा राक्षस

समाजमंदिराच्या भिंतीवर, दोन खिळ्यांना सुतळीने ताणून बांधलेला पांढरा कपडा तुम्ही पाहिला असेल. तो मी. गावातले लोक मला पडदा म्हणतात. मला पाहायला कुणी येत नाही. लोक येतात ते माझ्यावर काय पडतं ते पाहायला. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं.

माझा जन्म १९९९ सालचा. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून आणलेल्या मांजरपाटाच्या तीन पट्ट्या कुसुमबाईंनी आपल्या शिलाई मशीनवर जोडल्या. भीमजयंतीला गावात पहिल्यांदा सिनेमा दाखवायचा होता. घाई इतकी, की एक शिवण जरा तिरपी गेली. तेव्हापासून माझ्यावर येणाऱ्या प्रत्येक नटाचं नाक त्या शिवणीपाशी वाकडं होतं आणि पोरं खदखदून हसतात. मला ते आवडायचं. एवढ्या मोठ्या माणसांना गावातली पोरं हसू शकतात, हे काय कमी आहे?

वर्षातून दोनदा मी पेटीबाहेर यायचो. बाकीचे दिवस घडी घालून, कडुनिंबाच्या पाल्यात.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते २००९च्या उन्हाळ्यात. कुसुमबाई आणि यादोरावांचा मुलगा संघदीप पुण्याहून शिकून परत आला. डोळ्यांत काहीतरी पेटलेलं. गावच्या पोरांना जग दाखवायचं, असा त्याने ध्यास घेतला. गोंदियाच्या मित्राकडून प्रोजेक्टर मागून आणला, समाजमंदिराच्या खिडक्यांना बारदाना लावला आणि दर रविवारी दुपारी सिनेमा सुरू केला.

पहिल्या रविवारी एक हसरा सुपरहिरो आला. लाल चड्डी, पिवळा झगा. पूल पडायच्या आधी पोचायचा, आग लागायच्या आधी पोचायचा. पोरं टाळ्या पिटत होती. सगळ्यांत पुढे सात वर्षांची पिंकी बसली होती, अल्काची मुलगी. बाप रायपूरला कामाला, दिवाळीला येणार. घरात मायलेकी दोघीच.

सिनेमा संपल्यावर तिने माझी कड धरून संघदीपला विचारलं, "दादा, अस्वल आलं तं हा येईन का?"

"कुठे अस्वल?"

"जंगलात. माय पत्त्याले जाते ना."

तेंदूपत्त्याचा, बिडीची पानं तोडायचा हंगाम होता. बाया पहाटेच निघायच्या. मागच्या वर्षी मोहाची फुलं वेचताना शेजारच्या गावातल्या एका बाईला अस्वलाने फाडलं होतं, आणि पिंकीने तिला बैलगाडीतून नेताना पाहिलं होतं. संघदीपला यातलं काही माहीत नव्हतं. तो हसत म्हणाला, "येईल की!"

दुसऱ्या दिवशी अल्का समाजमंदिराच्या पायरीवर कुसुमबाईंना सांगत होती, रोज जाऊ न देणाऱ्या पोरीने आज पदर धरला नाही, "जाय माय, तो हाय," म्हणाली.

दुसऱ्या रविवारी संघदीपने वेगळा सिनेमा आणला. त्याच सुपरहिरोचा, पण नवा. काळे कपडे, न हसणारं तोंड, सगळं शहर धुरात. कुसुमबाईंनी सुरुवात पाहूनच विचारलं, "काऊन रे, हे लेकरायचं हाय का?"

"आई, पोरांना किती दिवस गोड गोड दाखवायचं? जग असं नाही. अंधार बघितल्याशिवाय उजेड कळत नाही. शेवट फार चांगला आहे याचा."

"आमचा पुनेकर," यादोराव कोपऱ्यातून म्हणाले. "बोलते मोठा."

माझ्यावर आजवर पुष्कळ काही पडलं होतं. तो चेहरा मात्र नव्हता पडला. अर्धा जळालेला, ओठ नसलेला राक्षस. त्याने हिरोच्या आईला एका जळत्या गिरणीत बांधून ठेवलं. हिरो धावला. पोरं ओरडत होती, "पोच! पोच!" पिंकी उभी राहून ओरडत होती. तो पोचला तेव्हा गिरणी कोसळली होती. तो गुडघ्यांवर बसला. राक्षस माझ्या अख्ख्या अंगावर पसरून हसला.

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगची वेळ बदललेली होती, ते संघदीपच्या ध्यानात नव्हतं. तासभर वाट पाहून पोरं पांगली. प्रोजेक्टर संध्याकाळच्या एसटीने परत पाठवायचा होता. संघदीप घाईघाईने वायरी गुंडाळत राहिला. पिंकी माझ्यासमोर एकटीच उभी होती, माझ्यावर काहीच नसताना. ती काय पाहत होती ते मला ठाऊक आहे. तो चेहरा माझ्यावरून हलला नव्हता. निदान तिच्यासाठी.

सोमवारी अल्का कामावर गेली नाही. मंगळवारीही नाही. पोरगी दाराला आडवी पडून राहायची. बुधवारी अल्का समाजमंदिरात आली.

"काय दाखवलं जी भाऊ माह्या पोरीले? म्हणते, तो उशिरा येते. एकच धरून बसली. उशिरा येते, उशिरा येते. पंधराच दिवसाचा हंगाम उरला हाय, मी घरी बसून काय करू?"

संघदीपचा चेहरा उतरला. "वहिनी, तो सिनेमा पूर्ण नाही झाला. पुढे तो राक्षसाला हरवतो. अख्खं शहर वाचवतो."

"मंग हे रविवारीच काऊन नाही सांगतलं?"

यादोराव तिथेच बसले होते. तरुणपणी ते दंडारीत, गावच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात, राक्षसाचं सोंग घेत. ते म्हणाले, "आमच्या दंडारीत पानी आलं, दिवे गेले, तरी राक्षस मेल्याबिगर कोनी उठत नव्हता. टेंभा लावू. तोही इझला तं तोंडानं सांगू, 'असा पडला, असा मेला.' मंग मी तोंड धुवून लेकरायच्या मंधात चहा प्याले बसू. अर्धा राक्षस लेकराच्या मागं घरी जाते, बावा."

"पण बाबा, मला वाटलं, पोरांना जग कळायला पाहिजे."

कुसुमबाई म्हणाल्या, "जग तिले तुह्यापेक्षा जास्त मालूम हाय. तिची माय रोज जंगलात जाते. तिले जग नको होतं रे. तिले कोनी संगं पाहिजे होतं."

संघदीप तसाच पिंकीकडे गेला. थोड्या वेळाने परत आला. आईला सांगू लागला, "सगळा शेवट सांगितला तिला. तिने एकच विचारलं, 'मंग त्याची माय वापस आली का?' मला खोटं बोलता आलं नाही."

शनिवारी तो गोंदियाला जाऊन प्रोजेक्टर घेऊन आला. या वेळी लोडशेडिंगची वेळ विचारून. रविवारी तोच सिनेमा शेवटपर्यंत दाखवायचा ठरला, आणि अल्का पिंकीला घेऊन मागे बसली. पोरगी आईच्या कुशीत तोंड खुपसून होती. माझी सुतळी कुणीतरी नीट ताणली. मला मात्र सैल सुटून खाली पडावंसं वाटत होतं.

गिरणी पेटली तशी पिंकी उठली. सरळ पोरांमधून चालत पुढे आली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. आग तिच्या फ्रॉकवर पडली.

"हट ना वो पिंकी! दिसत नाही!"

"ए पोट्टे, बस खाली!"

ती हलली नाही. उजेडाने तिचे डोळे मिटले होते. आणि हात ते कितीसे लांब! गिरणी दोन्हीकडून दिसतच होती. संघदीप बंद करायला वाकला, तर यादोरावांनी त्याचा हात धरला. "चालू दे. पुरा होऊ दे."

मग अल्का उठली. पोरीच्या मागे येऊन, मला टेकून उभी राहिली. तिच्या पाठीची ऊब मला लागली. राक्षस आता तिच्या लुगड्यावर हसत होता, चुण्यांमध्ये तुटत होता. उरलेला सिनेमा पोरांनी त्या दोघींच्या अंगावर पाहिला. कोणी ओरडलं नाही. राक्षस पडला तेव्हा टाळ्याही वाजल्या नाहीत.

सोमवारी अल्का पत्त्याला गेली. पिंकी गावाच्या शिवेपर्यंत सोबत गेली आणि दुपारी माय परत येईपर्यंत तिथेच रस्त्याच्या मोरीवर बसून राहिली. हंगाम संपेपर्यंत रोज. सुपरहिरोचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही. वाट आता तीच राखत होती. सात वर्षांची.

आता मी विटलोय. गावात घरोघरी मोबाइल आले. पोरं कोपऱ्यात एकेकटी बसून तळहातावर सिनेमे पाहतात. तिथेही काळ्या कपड्यांचे हिरो आहेत, ओठ नसलेले राक्षस आहेत. मी शेवटी कापडच. कुठला सिनेमा कोणत्या वयाला, ते मला ठरवता येत नाही. पण लेकरांचे चेहरे मी समोरून पाहिलेत. तुम्ही मोठी माणसं नेहमी पाठीमागून पाहता. म्हणून हात जोडून मागतो, अंधार दाखवायचाच असेल तर आधी स्वतः पाहा, मग शेजारी बसा. आणि लेकराने नाही म्हटलं, तर बंद करा.

संघदीप अजून वर्षातून दोन-तीनदा मला बांधतो. पिंकी आता नववीत आहे, गोरेगावला शाळेत जाते. सिनेमा असला की लहान पोरांना हाताला धरून आणते, पण आधी दारातच थांबते.

"दादा, आज लाईट जाईन का?"

"नाही जाणार. विचारलंय."

"आन् गेली तं?"

"तर मी तोंडाने सांगेन."

मग ती पोरांना आत सोडते. स्वतः मात्र बाहेरच, पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसते.