दाराला आडवी काठी

"हे वाक्य काढा, तरच सही करतो," असं म्हणत परीक्षकांनी माझा प्रबंध माझ्याकडे सरकवला. त्या सहीवर माझं एम.ए. अडलेलं. आमच्या सुरगाण्याकडच्या पाड्यावर एम.ए. झालेली बाई अजून एकही नाही.

वाक्य तरी काय होतं? दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या हान सम्राटाने कोरियन लोकांचं राज्य जिंकलं, तिथं लेलांग नावाचा सरहद्दीचा सुभा बसवला आणि आपले अंमलदार नेमले. मी लिहिलं होतं, 'चोरी या कारभाराबरोबर आली.'

"त्याऐवजी लिहा, चीनने या मागास लोकांना कायदा शिकवला."

माझे मार्गदर्शक धनराज सर टेबलाखालून माझा पाय दाबत होते, गप्प बस म्हणून. पण माझं डोकंच फिरलं.

"सर, चिन्यांच्याच जुन्या बखरीत आहे हे. त्या लोकांचे कायदे होते आठ, आणि दारं कुणी लावत नव्हतं. अंमलदारांच्या मागोमाग व्यापारी आले, उघडी घरं बघून रात्री चोऱ्या करायला लागले. मग कायदे साठाच्या वर गेले. आता सांगा, कुणी कुणाला काय शिकवलं?"

"अहो, दार न लावणारी माणसं मागासच की!"

घ्या! "आमच्याकडे अजून दाराला नुसती काठी आडवी लावतात, सर. काठी दिसली की घरात कुणी नाही, आत जायचं नाही. एवढंच. नाशिकला होस्टेलवर आले तेव्हा मीही झाडूची दांडी आडवी लावून अंघोळीला गेले. मोबाईल गेला. वॉर्डनबाईंनी रजिस्टरात लिहिलं, 'मुलीचा निष्काळजीपणा.' चोराबद्दल एक अक्षर नाही! मागास कोण, तर मी."

रागाने रडू येत होतं, पण रडले नाही.

"मग बसा सहा महिने, पुढच्या परीक्षेपर्यंत." परीक्षक उठले. "चहा घेऊन येतो, तोवर विचार करा." जाताना त्यांनी बॅग बंद केली आणि तिचं नंबरचं कुलूप फिरवलं. खोलीत मागे राहणार होतो मी आणि धनराज सर.

"कुलूप कशाला, सर? इथं तर सगळे शिकलेले."

त्यांचा हात कुलपावरच थांबला. मी प्रबंध त्याच पानावर उघडा ठेवला आणि वर माझं पेन आडवं ठेवलं.

"वाक्य इथंच राहील. तुम्ही खुशाल चहा घेऊन या."

धनराज सरांनी टेबलाखालचा पाय काढून घेतला.